फाइल क्रमांक ४०७

दिनांक १७ नोव्हेंबर २००९, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. माझ्या घराच्या पडवीत त्या वेळी पाच माणसे होती आणि टेबलावरच्या संगणकात भजनांच्या सहाशे बारा फाइली होत्या.

पाच माणसांपैकी दोघे घरचे: मी आणि माझी पत्नी शालिनी. तिसऱ्या अ‍ॅडव्होकेट अस्मिता गवंडे. जिल्हा न्यायालयाने नेमलेल्या कमिशनर. वय तिशीच्या आतबाहेर, हातात हुकमाची प्रत. चौथे श्री. खांबेटे. आमच्या भागातील भजनांच्या कॅसेट काढणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीने माझ्यावर दावा लावला होता, तिचे ते प्रतिनिधी. पाचवे अंकुशबुवा घाडी. त्यांना कोणी बोलावले नव्हते. ते रोज येत, म्हणून त्या दिवशीही आले होते.

दावा समजण्यास सोपा होता. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मी माझ्याजवळचा भजनांचा संग्रह इंटरनेटवर ठेवला. कोणीही यावे, ऐकावे, उतरवून घ्यावे. मस्कतहून, दोह्याहून, डोंबिवलीहून पत्रे येत. तीन वर्षे हे चालले. मग कंपनीला तीच भजने मोबाइलच्या रिंगटोनसाठी विकायची झाली, आणि तिच्या वकिलांना माझे पान सापडले.

सापडले म्हणण्यापेक्षा मीच ते त्यांच्या हाती दिले, असे म्हणणे अधिक अचूक होईल. कराडच्या तंत्रनिकेतनात आम्हाला शिकवले होते की मोजमाप कोठून आले हे लिहिले नसेल तर ते मोजमाप फेकून द्यावे. त्यामुळे १९७४ पासून माझ्या रजिस्टरात प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे दिनांक, गाव, बुवा, पखवाजी आणि शेवटी ‘स्रोत’ असा रकाना होता. स्वतः मुद्रित केलेले असेल तर ‘स्व’, दुसऱ्या कोणी दिलेले असेल तर ‘इ’, आणि कंपनीच्या कॅसेटवरून घेतलेले असेल तर ‘क’. सोबत कॅसेटचा क्रमांक आणि बाजू. हा रकाना मी इंटरनेटच्या पानावरही जसाच्या तसा घातला. कंपनीच्या वकिलांना काहीच शोधावे लागले नाही. त्यांनी माझे पान छापले आणि दाव्याला जोडले. तीनशे एकाहत्तर नोंदी ‘क’.

माझे वकील कपाळाला हात लावून म्हणाले होते, “आजगावकर, चोर पावती ठेवतो का हो?” शेवटी तडजोड झाली. कंपनीने नुकसानभरपाई सोडायची आणि मी कंपनीचे सर्व ध्वनिमुद्रण इंटरनेटवरून काढून संगणकातूनही कमिशनरसमक्ष पुसायचे. ते पुसण्याचा हा दिवस.

“काका, सुरुवात करू या का?” गवंडे बाईंनी विचारले.

“म्हणजे ह्या सगळा आज पुसतलात?” अंकुशबुवा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून म्हणाले.

“सगळं नाही, आजोबा. कंपनीचं तेवढंच.”

“कंपनीचा म्हणजे? भजना आमी म्हटली, पखवाज गावकारान वाजवल्यान, आणि कंपनीचा काय?”

“यंत्र,” खांबेटे म्हणाले. ते पासष्टीचे, बारीक अंगाचे गृहस्थ होते. “यंत्र आमचं होतं, बुवा. आणि यंत्रापाशी मी होतो. तुम्ही मला ओळखलं नाहीत.”

अंकुशबुवांनी चष्मा वर करून त्यांच्याकडे पाहिले. “तो हेडफोन लावन बसणारो? तेव्हा तुमका केस होते.”

“तेव्हा तुम्हाला दात होते.”

शालिनी चहा घेऊन आली होती, ती हसली. वातावरण थोडे सैल झाले. मी कामाला लागलो.

पद्धत मी आधीच ठरवून ठेवली होती. मी रजिस्टरातील क्रमांक वाचायचा, गवंडे बाईंनी त्यांच्या यादीवर खूण करायची, मी फाइल पुसायची, त्यांनी पडद्यावर खात्री करायची. एका फाइलीस सरासरी पंचवीस सेकंद. साडेबारापर्यंत दोनशे ऐंशी झाल्या. नावे वाचताना मी आवाज सपाट ठेवला होता. तरी मधूनमधून अंकुशबुवा म्हणत, “हां, ही ओरोसची,” किंवा “ह्या वर्सा झिलूचा पोर झाला.” खांबेटेही एकदा म्हणाले, “हिच्या वेळी फार पाऊस झाला होता. मी मायक्रोफोनवर छत्री धरून बसलो होतो.” मग मी पुढचा क्रमांक वाचला.

जेवणानंतर ‘क’ नोंदी संपल्या. तीनशे एकाहत्तर. उरल्या दोनशे एकेचाळीस.

“आता पडताळणी,” गवंडे बाई म्हणाल्या. “उरलेल्यांपैकी कोणत्याही पाच खांबेटे साहेब ऐकतील. त्यांची खात्री पटली की तुमचं निवेदन घेऊन मी पंचनामा पुरा करते.”

खांबेट्यांनी हेडफोन चढवला. पहिल्या चार फाइली त्यांनी मिनिट-मिनिट ऐकून सोडल्या. पाचवी त्यांनी निवडली ती क्रमांक ४०७.

येथे ४०७ विषयी सांगितले पाहिजे.

आमच्याकडे डबलबारी होते. देवळासमोर दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. एक बुवा गाऊन सवाल टाकतो, दुसऱ्याने गाऊनच जबाब द्यायचा. १९८७ च्या फेब्रुवारीत आंब्रडच्या देवळासमोर अंकुशबुवा घाडी आणि झिलूबुवा चिंदरकर यांची बारी झाली. दोघे बारीत वैरी, एरवी एसटीत एका बाकावर बसणारे. त्या बारीत झिलूबुवांनी सवाल टाकला: सेतू बांधताना प्रत्येक दगडावर नाव लिहिले म्हणून दगड तरला, मग खारीने अंगावरून झाडलेल्या वाळूच्या कणावर नाव कोणी लिहिले होते, आणि नसेल तर तो कण बुडाला का नाही? अंकुशबुवांची पेटी थांबली. त्यांना जबाब सुचला नाही. सारे देऊळ हसले. चार वर्षांनी झिलूबुवा वारले, आणि तो सवाल जिल्हाभर त्यांच्या नावाने सांगितला जाऊ लागला, अर्थात अंकुशबुवांच्या हरण्यासकट.

मी ती बारी माझ्या सेलवर चालणाऱ्या यंत्रावर पूर्ण मुद्रित केली होती. पूर्ण म्हणजे एक जागा सोडून. तिसरी कॅसेट संपून चौथी घातली, तर दमट हवेने तिची फीत रुळात गुंडाळली गेली. ती सोडवून पाचवी घालेपर्यंत अकरा मिनिटे चाळीस सेकंद गेले, आणि नेमका तेवढ्यात झिलूबुवांचा सवाल होऊन गेला. देवळाच्या दुसऱ्या बाजूला कंपनीचे यंत्र चालू होते. त्यांनी त्या बारीतले तासाभराचे तुकडे कॅसेटवर काढले, त्यात तो सवाल होता.

२००५ मध्ये मी ती बारी संगणकावर घेतली. चार तास सव्वीस मिनिटे, आणि मधे भोक. मला ते सहन झाले नाही. मी कंपनीच्या कॅसेटवरून तेवढी अकरा मिनिटे चाळीस सेकंद घेतली. त्यांचे यंत्र जनरेटरवर होते, म्हणून त्यांच्या फितीत विजेची बारीक गुणगुण होती, ती काढली. पट्टी जुळवली. आवाजाची पातळी जुळवली. सहा दिवस लागले. मग शालिनीला बसवून विचारले, सांधा कोठे आहे ते सांग. ती म्हणाली, “मला काहीच कळलं नाही. हे चांगलं झालं की वाईट?” पुढच्या पावसाळ्यात माझ्या फितींसकट कंपनीची ती कॅसेट बुरशीने गेली. दुसरी मला आजवर मिळालेली नाही.

रजिस्टरात ४०७ पुढे मी ‘स्व’ लिहिले. सांध्याची नोंद केली नाही. रजिस्टरातील ती एकमेव न केलेली नोंद.

खांबेटे ४०७ ऐकत होते. बोटाने ते फाइल पुढे सरकवत होते, आणि मला पडद्यावर आकडे दिसत होते. दोन तास चाळीस. दोन तास एकावन्न. तेथे त्यांचे बोट थांबले. त्यांनी डोळे मिटले. मी घड्याळ पाहिले नाही, तरी एक मिनिट नक्की गेले असेल. मग त्यांनी हेडफोन काढला.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “मला आणखी ऐकायचं नाही. जो माणूस तीनशे एकाहत्तर ठिकाणी स्वतःविरुद्ध लिहितो, त्याच्या बाकीच्या नोंदींवर मी काय शंका घेणार?”

गवंडे बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर लिहिले होते की संगणकात उरलेल्या दोनशे एकेचाळीस फाइलींपैकी कोणत्याही फाइलीत वादी कंपनीच्या ध्वनिमुद्रणाचा पूर्ण अथवा अंशतः समावेश नाही. खाली माझ्या सहीची जागा.

मी पेन उघडले. शालिनी दारात उभी होती. तिने मला विचारलेला तो प्रश्न आम्हा दोघांनाही आठवत होता, हे मला तिच्याकडे न बघताही कळले.

“अहो, चष्मा हवाय का?” ती म्हणाली.

“नको. वाचता येतंय.”

“मग?”

मी पेन बंद केले. “बाई, ४०७ मध्ये अकरा मिनिटे चाळीस सेकंद कंपनीची आहेत. दोन तास एकावन्न मिनिटे वीस सेकंदांपासून.”

गवंडे बाई आधी खांबेट्यांकडे बघू लागल्या, मग माझ्याकडे.

खांबेट्यांनी सुस्कारा सोडला. “आजगावकर, माझा मायक्रोफोन मी ओळखणार नाही असं वाटलं तुम्हाला? गुणगुण काढलीत, पण त्याचं नाकात बोलणं तसंच राहिलं. मी डोळे मिटले होते ते कशाला?”

“मला ते कळलं नाही.”

“आता तुम्ही बोललात. म्हणजे मला ऐकू आलं असं लिहून द्यावं लागणार.”

“तुमच्याकडे याची मूळ फीत असेल ना?” मी विचारले. “निदान तिथे तरी सवाल राहील.”

“दुसऱ्याच वर्षी पुसून तिच्यावर गणपतीच्या आरत्या घेतल्या. फीत महाग होती. आमच्याकडे काही नाही.”

“मग माझ्याकडून घ्या की.”

“हुकूम पुसण्याचा आहे,” खांबेटे म्हणाले. “घेण्याचा नाही. मी विचारून पाहीन म्हटलं तरी उत्तर यायला दोन महिने, आणि बाईंना पंचनामा आज द्यायचाय.”

गवंडे बाई हुकूम पुन्हा वाचत होत्या. “काका, इथे ‘पूर्ण अथवा अंशतः’ म्हटलंय. म्हणजे ही सबंध फाइल जाईल. चार तासांची.”

ती बारी पूर्ण स्वरूपात जगात दुसरीकडे कोठे असल्याचे तेथे बसलेल्या कोणालाच ठाऊक नव्हते.

“कंपनीचा अंश मी आत्ताच काढला,” मी म्हणालो, “तर पुसायच्या वेळी त्या फाइलीत अंशही राहत नाही.”

गवंडे बाईंनी ते वाक्य मनात एकदा फिरवले. “खांबेटे साहेब, तुमची हरकत?”

“नाही.”

“किती वेळ लागेल?”

“सात मिनिटे.”

मी फाइल उघडली. पडद्यावर ध्वनीची रेघ आली. खुणा लावल्या, मधला भाग निवडला आणि पुसला. बाईंनी वाकून पाहिले. तेथे आता सरळ रेघ होती.

“दोन्ही टोकं जोडत का नाही?” त्यांनी विचारले. “मोकळी जागा कशाला ठेवायची?”

“जोडली तर पुढच्या सगळ्या वेळा चुकतील. आणि तेथे काही नव्हतेच, असे होईल.”

“बरं झालं,” शालिनी अंकुशबुवांना म्हणाली. ती त्यांची थट्टा करीत असे, तशीच. “बुवा, तुमच्या हरण्याचा पुरावा गेला. कोर्टानं पुसला. आता पेढे आणा.”

“बरा झाला,” अंकुशबुवा म्हणाले. “बावीस वर्सा लोकांनी हसान घेतल्यानी.”

खरे तर त्या क्षणी मलाही तेच वाटले होते. गेली तीन वर्षे ते रोज येत आणि ४०७ लावायला सांगत. तेवढाच भाग. झिलूबुवांचा सवाल ऐकत, मग आपली पेटी थांबलेली ऐकत, मग लोकांचे हसणे. मला वाटे, म्हातारा जखमेवरची खपली काढतो. आज ती जखमच गेली, तर सुटला.

“भाऊ,” ते म्हणाले, “एकदा लाव. कसा ऐकाक येता ता बघूया.”

मी दोन तास पन्नास मिनिटांपासून लावले. झिलूबुवांच्या मंडळाचा गजर चढत गेला, पखवाज दुणीत, दुप्पट लयीत, आला आणि मधेच तुटला. त्यानंतर शांतता. मी अर्धे मिनिट ती चालू दिली आणि मग सरळ तीन तास तीन मिनिटांवर नेले. तेथे पेटीचा एक अर्धवट सूर होता, आणि मग देवळाचे हसणे. दोन-तीनशे माणसांचे, लांब, मनापासून.

अंकुशबुवा ऐकत राहिले. हसणे संपले तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले.

“सवाल गेलो आणि हसणा रवला,” ते म्हणाले. “माका कित्याक हसतत ता आता कोणाक कळतला?”

“बुवा, हसणंही काढू का? तो भाग माझा आहे. मला काढता येईल.”

“गाढव मरे तू. हसणा कित्याक काढतंस? ता खरा असा.” मग ते खांबेट्यांकडे वळले. “ओ हेडफोनवाले. तो सवाल कंपनीचो काय?”

“सवाल कसा कंपनीचा असेल? झिलूबुवांचा आवाज जो आमच्या यंत्रावर उतरला, तो आमचा. शब्द त्यांचे. दाव्यात शब्दांबद्दल काही नाही.”

“बाई, तुमच्या कागदात काय असा?”

गवंडे बाईंनी हुकूम पाहिलाही नाही. “ध्वनिमुद्रण, आजोबा. फक्त ध्वनिमुद्रण.”

“मगे भाऊ, यंत्र चालू कर. मिया म्हणतंय.”

मला प्रथम अर्थबोध झाला नाही. बारीच्या रिवाजात बुवा समोरच्या बुवाची चीज कधी तोंडात घेत नाही. घेतली तर आपली गादी त्याच्या खाली मांडल्यासारखे होते. अंकुशबुवांनी झिलूबुवांची एक ओळ आयुष्यात कधी गुणगुणलेली मी ऐकली नव्हती, आणि मी त्यांना पस्तीस वर्षे ऐकत होतो.

“बुवा, तुम्ही झिलूबुवांचं म्हणणार?”

“दुसरो कोण असा? झिलू येतलो काय?”

“पण तुमचंच हरणं ते. गेलं तर गेलं.”

“अरे, जबाब माका अजून मेळाक नाय,” ते म्हणाले. “बावीस वर्सा शोधतंय. सवालच नसलो तर शोधू काय?”

मी मायक्रोफोन लावला. पेटी घरात नव्हती. शालिनीने आतून पोळपाट आणून त्यांच्या मांडीवर उलटा ठेवला, आणि ठेका धरायला त्यांना तेवढे पुरले. गवंडे बाईंनी मोबाइल बंद केला. खांबेट्यांनी न विचारता हेडफोन चढवला, पातळी पाहिली आणि मला दोन बोटे वर करून खूण केली: थोडे लांब. मी मायक्रोफोन वीतभर मागे घेतला. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी मुद्रण सुरू झाले.

अंकुशबुवांचा आवाज ब्याऐंशीव्या वर्षी फाटला होता. पण त्यांनी आपला आवाज लावलाच नाही. झिलूबुवा ओळीच्या अखेरीस सूर नाकात घेत, तसा त्यांनी घेतला. झिलूबुवा ‘खार’ शब्दावर पळभर थांबून समोरच्याकडे बघत, तेथे ते थांबले आणि समोरच्या भिंतीकडे बघितले. प्रत्येक दगडावर नाव, प्रत्येक दगड तरला. वाळूच्या कणावर नाव कोणी लिहिले? सवाल पुरा झाला. त्यांनी पोळपाटावर तिहाई वाजवली आणि ते थांबले.

मी घड्याळावर हात ठेवून वाट पाहत होतो. कंपनीच्या कॅसेटमध्ये सवालानंतर झिलूबुवांचा लांब आलाप होता, सात-साडेसात मिनिटांचा. तो आलाप म्हणजेच त्यांची कीर्ती.

“बुवा, पुढे आलाप आहे,” मी हळूच म्हणालो.

“म्हायत असा.”

“मग म्हणा. मुद्रण चालू आहे.”

त्यांनी पोळपाट मांडीवरून काढून शालिनीच्या हातात दिला. “तो झिलूचो. तो माका येणा नाय.”

त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकायला देवळातले ते दोन-तीनशे जण त्या दिवशी पडवीत हवे होते. होतो आम्ही चौघे. खांबेट्यांनी हेडफोन उतरवून तो बराच वेळ हातात धरला आणि मग टेबलावर ठेवला.

मी तो तुकडा मोकळ्या जागेच्या सुरुवातीला बसवला. पट्टी जुळवली नाही, पातळी जुळवली नाही. पडवीतल्या पंख्याची घरघर तशीच ठेवली. गवंडे बाईंनी निवेदन नव्याने लिहिले आणि मी त्यावर सही केली. पाच वाजता दोघे गेले. जाताना खांबेटे अंकुशबुवांच्या पाया पडले, आणि अंकुशबुवा म्हणाले, “केस राखूक होये होते.”

अंकुशबुवा २०१३ साली वारले. अखेरपर्यंत ते रोज येत होते. जबाब सापडल्याचे त्यांनी मला कधी सांगितले नाही.

ती फाइल आजही इंटरनेटवर आहे. वर्षातून दोन-तीन जण कळवतात की तिच्यात बिघाड आहे, मधे आवाज जातो, दुरुस्त करावी. मी त्यांना रजिस्टरातील नोंद पाठवतो. ती अशी:

क्रमांक ४०७. आंब्रड, १९८७. एकूण कालावधी ४ तास २६ मिनिटे. स्रोत: स्व. काढलेला भाग ११ मिनिटे ४० सेकंद. त्या जागी अंकुशबुवा घाडी, १७ नोव्हेंबर २००९, ४ मिनिटे १० सेकंद. उरलेली शांतता ७ मिनिटे ३० सेकंद.